आमच्या दुकानात दोन हजार पंधरा

...नाही, पण मी काय म्हणते, चालतंय ना? मग चालू द्या की! मिक्सर जुना आहे, कूकर जुना आहे, मी स्वतः एकोणपन्नास वर्षांची आहे, कोणी काही बोलत नाही. पण कॉम्प्युटर जुना म्हटल्याबरोबर अख्ख्या खापर गावाला कळवळा आला. दूधवाला सांगून जातो, पेपरवाला सांगून जातो, आणि समोरच्या टायरवाल्याने तर आयुष्यात कॉम्प्युटरला बोट लावलेलं नाही, तो हायवे ओलांडून येतो नि आवाज हळू करून म्हणतो, "ताई, ती सिस्टीम बदलून टाका आता, त्यात फार धोका असतो..." अरे बाबा, तुझ्या दुकानाला घासून गुजरातचे ट्रक जातात, तिथं तू खुर्ची टाकून बसतोस, तो धोका तुला दिसत नाही नि माझ्या टेबलावरचा दिसतो?

तुम्हाला सांगते, दुकान म्हणजे काय, घराचीच पुढची खोली. शटर बसवलं की खोलीचा गाळा होतो, एवढंच. त्यात एक एम्ब्रॉयडरी मशीन, बारा सुयांचं, आणि त्याला वायरीने जोडलेला हा कॉम्प्युटर. कॉम्प्युटरवर मोर काढायचा, वायरीतून मशीनला पाठवायचा, की ते खडखड खडखड करत ब्लाउजच्या बाहीवर तोच मोर उमटवून देतं. आमचे हे, हेमकांत, सुरतेहून घेऊन आले होते हे सगळं, तेही वापरलेलंच, टेम्पोच्या मागे मशीनला मिठी मारून बसून आले. पहिला मोर काढला तो कोंबडा निघाला. पण ज्या बाई ते ब्लाउज घालून गेल्या ना, त्यांच्या भावजयीने दुसऱ्या दिवशी येऊन तसाच कोंबडा मागितला! असा जम बसला दुकानाचा. नवरीचे ब्लाउज, शाळेचे बिल्ले, लग्नातल्या टोप्या-टॉवेलांवर नावं... आणि बँडवाल्यांचे कोट. डोंगरातल्या बँडवाल्यांना कोट लखलखीत लागतो, पाठीवर बँडचं नाव, नावाखाली मालकाचं नाव, आणि जागा उरली तर एक वाघ.

हे गेले त्याला तीन वर्षं झाली. दुकान मी चालवते.

आणि हे मी उगाच सांगत नाही हं, कारण खरी गोम इथंच आहे. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि आमचे जेठ, रूपचंदभाऊ, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, ओट्यावर बसून खांबाला म्हणाले... हो, खांबालाच. थांबा, हे आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या घरात जेठासमोर सुनेनं बोलायचं नाही. डोक्यावर पदर, मान खाली, तोंड बंद. मी रनाळ्याहून लग्न होऊन आले त्याला सत्तावीस वर्षं झाली, नंदुरबारच्या कॉलेजातून बी.ए. झालेली बाई मी, अक्कलकुव्याच्या बँकेत मॅनेजरशी वाद घालून येते, ट्रक ड्रायव्हरला दुकानापुढून गाडी काढायला लावते, पण जेठांशी? एक शब्द नाही. त्यांना मला काही सांगायचं असेल तर ते खांबाला सांगतात, मला त्यांना काही सांगायचं असेल तर मी सासूबाईंना सांगते, आणि सासूबाई, तापीबाई, मध्ये बसून इकडचं तिकडे करतात. तीन माणसं एका ओट्यावर, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, आणि सासूबाई थोरल्या लेकाच्या वतीने मला म्हणतात, "रूपा म्हनस, चहामा साखर कमी शे." अहो ऐकलं ना मी! पण नाही, सासूबाईंनी सांगेपर्यंत मला ऐकू आलेलं नसतं.

तर ते खांबाला म्हणाले, मशीन चालू आहे तोवर गाळा तिचा, मशीन बंद पडलं की गाळा कुंदनचा. कुंदन म्हणजे त्यांचा मुलगा, सव्वीस-सत्तावीसचा, त्याला मोबाईलचं दुकान टाकायचंय. मनाने वाईट नाही हो तो, काकी काकी करतो, पण दुकानात आला की त्याची नजर भिंतीवर फिरते आणि मला कळतं, ह्याला आत्ता इथं माझं मशीन दिसत नाहीये, काचेचा काउंटर दिसतोय.

आता मशीन तर ठणठणीत आहे. मग? मग कॉम्प्युटर! कुंदनलाच पहिल्यांदा शोध लागला की काकीच्या कॉम्प्युटरमध्ये सात नंबरची विंडोज आहे. सात! असं म्हणाला की जसं काही कोणी सातवी नापास सापडलं. त्याने अक्कलकुव्याच्या चंदनला आणलं, तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो, दोन मुलांचा बाप आहे, बोलतो मात्र डॉक्टरसारखं. खाली वाकून डब्याला कान लावला नि म्हणाला, "मॅडम, सातचा सपोर्ट कधीच गेला." म्हटलं, बरं, मग? "आता अकरा चालू आहे." म्हटलं, मधले आठ, नऊ, दहा कुठं गेले? म्हणे आठ कोणाला आवडली नाही, नऊ निघालीच नाही, थेट दहा. आठवीतून एकदम दहावीत? आमच्या वेळेला असं कोणी केलं नाही. म्हटलं, मग टाक अकरा. तर म्हणे, अकरा तुमच्या ह्या जुन्या डब्यावर बसणार नाही, आपण दहा टाकू. आणि दहाचा सपोर्ट? तर इकडे तिकडे बघत म्हणाला, तोही गेला, ऑक्टोबरात. म्हणजे ऐका, गेलेली काढायची आणि गेलेलीच बसवायची! आणि ह्याला म्हणायचं अपग्रेड! म्हटलं, चंदन, ही चालतेय ना? मग चालू दे की बाबा.

संध्याकाळी हे सगळं खांबामार्फत माझ्यापर्यंत परत आलं. जेठ खांबाला म्हणाले, कोनीतरी सांगा, सिस्टीमना सपोर्ट बंद व्हयी गया. सासूबाईंनी माझ्याकडे वळून त्याचं सोपं करून सांगितलं, "रूपा म्हनस, त्याले आते कोनी वाली नही ऱ्हायना."

मी भाजी निवडत होते. निवडत राहिले. मग म्हटलं, सासूबाई, वाली नसला म्हणून काय झालं? चालतंय ना?

आता तुम्ही विचाराल, बाई, एवढी अडून का बसलीस? घे की बदलून. तर त्याचं कारण आहे, आणि साधं आहे. मोर काढायचं जे सॉफ्टवेअर आहे ना, त्याचा परवाना दोन हजार सोळाच्या मार्चपर्यंतच होता. पुढं वाढवायला हे सुरतेला गेले, तर कंपनीच गायब. शटर खाली, पाटी काढलेली, शेजारचा म्हणाला ते लोक गाव सोडून गेले. हे तीन तास बसने परत आले, हातपाय धुतले, कॉम्प्युटरसमोर बसले आणि त्याची तारीख एक वर्ष मागे घेतली. झालं! सॉफ्टवेअर खूश, मशीन खूश. तेव्हापासून आमच्या कॉम्प्युटरमध्ये दोन हजार पंधराच चालू आहे. डिसेंबर संपला की एक तारखेला सकाळी दुकान उघडायचं, उदबत्ती लावायची, नि परत जानेवारी दोन हजार पंधरा. आधी हे करायचे, आता मी करते. इंटरनेटची वायर त्याला कधी लावायची नाही, कारण इंटरनेट लागलं की त्याला खरी तारीख कळते. आणि चंदनची ती दहा नंबरची आली, की ती सगळ्यात आधी हेच करणार, तारीख आजची करणार! मग मोर गेला, वाघ गेला, बँडवाल्यांचे कोट कोरे राहिले, मशीन बंद, आणि गाळा कुंदनचा. आहे की नाही सरळ?

तसा त्रास काही नाही त्याचा. बिलावर तेवढी जुनी तारीख येते. दलसिंग म्हणून एक बँडवाला आहे, तो एकदा बिल डोळ्यांजवळ धरून म्हणाला, "बाई, माझा बँड निघाला एकोणीस साली, आणि तुमच्याकडे त्याचे कोट पंधरा सालीच शिवून तयार?" म्हटलं, दलसिंग, आमचं काम वेळेच्या आधी असतं. आणि यंदा तर गंमत बघा, पंधराचे वार आणि ह्या सव्वीस सालचे वार तंतोतंत जुळतात! भिंतीवर मंगळवार, कॉम्प्युटरवर मंगळवार. मग चूक म्हणायची तरी कुठं? सण जुळत नाहीत, कबूल, पण ब्लाउजच्या बाहीला सणाशी काय करायचंय?

तर म्हटलं, एकदा जेठांना हे नीट सांगून टाकू. शहाणा माणूस आहे, केळीचा व्यापार केलाय, समजेल. ओट्यावर पदर घेऊन बसले आणि सासूबाईंना अगदी सावकाश, शाळेत शिकवतात तसं सांगितलं, की परवाना सोळापर्यंतच होता, कंपनी बंद पडली, म्हणून ह्यांनी तारीख मागे घेऊन ठेवलीये, नवी सिस्टीम टाकली की तारीख पुढे जाईल आणि काम बंद पडेल. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग जेठांकडे वळल्या आणि म्हणाल्या,

"ती म्हनस, तठे आजून पंधरा साल चालू शे. हेमानी ठेयेल शे. पुढलं साल उनं का सगळं बंद पडी."

आता मला सांगा, ह्यात एक तरी शब्द खोटा आहे? तिथं पंधरा साल आहेच, ह्यांनीच ठेवलंय, पुढचं साल आलं की बंद पडणारच! एकही नाही! मी कशाला नाही म्हणू? पण जेठांनी चहा तसाच खाली ठेवला, एक चप्पल पायात एक हातात, असे उठून गेले.

दुसऱ्या दिवसापासून सुरू. जेठाणी, गजराबाई, ज्यांनी सत्तावीस वर्षांत मला शिरा करून खाऊ घातला नव्हता, त्या डबाभर शिरा घेऊन आल्या, पाठीवरून हात फिरवला, झोप लागते का विचारलं आणि जाता जाता मनगटाला काळा दोरा बांधून गेल्या. कुंदन माझ्याशी असा हळू बोलायला लागला की जसं मी झोपलेले आहे आणि त्याला मला उठवायचं नाहीये. दूधवाला, पेपरवाला, टायरवाला... तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्यांचा कळवळा कॉम्प्युटरसाठी नव्हताच! गावभर झालं होतं, की रमिलाबाईच्या, म्हणजे माझ्या, डोक्यावर परिणाम झाला, ती म्हणते त्या डब्यात पंधरा साल आहे, नवरा अजून आहे, आणि दिवसभर तिथंच बसून असते. म्हणून सिस्टीम बदला! तिच्या भल्यासाठी!

आता नाही म्हणावं तर कोणाला म्हणणार? शहाण्या बाईने मी शहाणी आहे असं सांगितलं की लोक आणखी एक डबा शिरा पाठवतात.

आणि तो दिवस आला. फेब्रुवारी, लग्नसराई, दलसिंगचे कोट मशीनवर चढलेले, एका वाघाचं डोकं झालेलं, धड बाकी. सासूबाई तळोद्याला हळदीला गेलेल्या. आणि शटरमधून आत कोण? पुढे जेठ, मागे चंदन, चंदनच्या हातात पेन ड्राइव्ह. दुकान सुरू झाल्यापासून जेठ पहिल्यांदा आत आले होते हो. मी पदर ओढला, मान खाली घातली, मशीन थांबवलं. जेठांनी खांब शोधला. दुकानात खांब नाही. मग ते शटरला म्हणाले, "कर रे सुरू."

मी म्हटलं, चंदन, हात लावू नकोस. चंदन म्हणाला, मॅडम, काकांनी बोलावलंय. म्हटलं, त्यांना सांग, नको म्हणते. आता हा अक्कलकुव्याचा माणूस, ह्याला आमच्या ओट्याची सवय नाही. तो जेठांकडे वळून म्हणाला, काका, मॅडम नको म्हणतात. जेठ शटरला म्हणाले, तिले समजत नही, तू कर. चंदन माझ्याकडे वळून म्हणाला, मॅडम, काका म्हणतात... म्हटलं, ऐकलं मी! तर म्हणाला, मग डायरेक्ट बोला ना, तुम्ही दोघं इथंच आहात, माझी मान दुखायला लागली! आणि वैतागून त्याने तो पेन ड्राइव्ह खुपसलाच. पडद्यावर निळं काहीतरी आलं. हो की नाही, असं विचारायला लागलं. चंदनने बोट उचललं.

तुम्हाला सांगते, त्या क्षणाला माझी अडचण वेगळीच होती. बोलायचं तर ठरलं होतं. पण हाक काय मारू? सत्तावीस वर्षांत कधी मारलीच नव्हती! भाऊजी म्हणू? दादा म्हणू? काही ठरलेलंच नव्हतं. बोट खाली येत होतं, आणि तोंडातून दुकानात रोज जे निघतं तेच निघालं. वळले, पदर कुठं गेला कोण जाणे, आणि म्हटलं,

"ओ भाई! त्याला हात लावायचा नाही. काम नसेल तर दुकानाच्या बाहेर उभे राहा."

चंदनचं बोट हवेत. जेठ शटरजवळ. हायवेवरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज मला अजून आठवतो. मग म्हटलं, आता तोंड उघडलंच आहे तर सगळंच सांगू. परवाना सांगितला, सुरतेचं बंद शटर सांगितलं, तारीख कशी मागे घ्यायची ते सांगितलं, म्हटलं मी वेडी नाही, हेमकांत गेलेत हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण हे मशीन ह्याच तारखेवर चालतं, आणि ते चालतंय तोवर हा गाळा माझा, हे तुम्हीच बोललात, खांबाला बोललात पण मी ऐकलंय.

जेठांनी सगळं ऐकून घेतलं. आणि काय म्हणावं त्यांनी?

"मंग हाई आधी काबरं नही सांगं?"

आधी का नाही सांगितलं! आता तुम्हीच बोला, ह्याला काय उत्तर द्यायचं? ते पुढे आले, चष्मा लावला, पडद्याच्या कोपऱ्यात वाकून बघितलं. सतरा फेब्रुवारी दोन हजार पंधरा. गिऱ्हाइकासाठी एकच खुर्ची आहे दुकानात, तिच्यावर बसले. बोटांवर काहीतरी मोजलं. मग पडद्याकडेच बघत म्हणाले, "तवय हेमाना पाय पलस्तरमा व्हता. मी गाडीवर लई जाऊ त्याले दवाखानामा. पाय असा बाहेर... एक रोज केळीना गाडीले जाई लागना." आणि थोडं हसले. मग हसायचे थांबले.

चंदन म्हणाला, काका, मग करू की नको? जेठ म्हणाले, काढ तुन्हा पेन.

झालं. जिंकले म्हणा ना! कुंदनने विचारलं गाळ्याचं, तर त्याला सरळ सांगितलं त्यांनी, तठे मशीन चालू शे. कुंदनने बसस्टँडजवळ भाड्याने जागा घेतली, काचेचा काउंटर बसवला. दलसिंगच्या वाघाला धड मिळालं. सासूबाई मात्र रुसल्या, त्यांना आता मधे बसून सांगायला काही राहिलं नाही, त्या चहात साखर कमी आहे हे थेट मलाच सांगतात.

...पण पुढचं ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करते तर जेठ हजर. आले, खुर्ची ओढली, बसले. "आज कोनती तारीख शे?" भिंतीवरची नाही, पडद्यावरची. सांगितली. तर म्हणाले, त्या दिवशी हेमानी असं केलं, तसं केलं. तिसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी येताना चहाचा थर्मास घेऊन. मला वाटलं, पलस्तर निघेल आणि थांबतील. नाही! सत्तावीस वर्षांचं साठलेलं आहे हो आत, सुटलं ते सुटलंच! हेमा लहानपणी तापीत कसा बुडता बुडता वाचला, हेमाला पोहायला कोणी शिकवलं, मीच शिकवलं, हेमाला मोर का नाही जमत, कारण त्याने मोर कधी नीट बघितलाच नाही... आणि मध्येच मशीनकडे बघून, ह्या वाघाची शेपटी मोठी कर, तो धागा हिरवा घे, ह्या बाईला उधार देऊ नको. अहो, बाई समोर उभी असते! आणि बसतात कुठं, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर. गाळा मागायचं सोडलं त्यांनी, खुर्ची घेतली. गिऱ्हाईक उभं, मी उभी, जेठ बसलेले, आणि कॉम्प्युटरमध्ये एप्रिल दोन हजार पंधरा.

परवा मी मुद्दाम करून बघितलं. म्हटलं, एवढी वर्षं ज्या पदराने हा माणूस गप्प बसला, त्याचा थोडा तरी उपयोग होईल. भर उन्हाळा, खापरला बेचाळीस डिग्री, आणि मी पदर ओढला, कपाळावर, डोळ्यांवर, पार हनुवटीपर्यंत ओढून, मान खाली घालून बसले. हेमाची गोष्ट चालू होती ती थांबली. एकदम शांत. म्हटलं, आलं लक्षात भाईंच्या.

तर खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, आणि काळजीने म्हणतात कसे,

"थंडी वाजी ऱ्हायनी का? पंखा बंद करू?"

म्हटलं, नको भाई. चालू द्या.